एकवीस चिंचोके

२६ सप्टेंबर १९९४, सोमवार

ही वही खरं तर पाठ-टाचणाची आहे. पण आज दुपारी शाळाच बंद झाली. टाचण कशाचं काढणार? उरलेल्या पानांवर हे लिहिते आहे.

दुसऱ्या तासाला सोमनाथ गुरुजींना तालुक्याहून निरोप आला. गुरुजी आमच्या शेंडगेमळ्याच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळेला शिक्षक दोनच, ते आणि मी. सुरतेत प्लेग पसरलाय, म्हणून पुढील आदेश होईपर्यंत शाळा बंद. पोरांनी दप्तरं उडवली. गुरुजींनी कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली.

अनिसा संध्याकाळी खोलीवर आली ती नाकातोंडाला ओढणी बांधूनच. ती उपकेंद्रात नर्स आहे. भवानीनगरला आम्ही दोघी एका खोलीत राहतो. म्हणाली, "बारामतीत टेट्रासायक्लिन औषधालासुद्धा उरलं नाही. स्टँडवर एक बाबा धोतराचा सोगा नाकाला लावून उसाचा रस पीत होता. कसा पीत होता ते मात्र विचारू नकोस."

मी हसले, पण मनात झुंबरच होती, माझी गेल्या वर्षीची विद्यार्थिनी. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा ती येईल. आणि या वेळी चौथी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा आहे. तोवर शाळा उघडेल ना?

३० सप्टेंबर, शुक्रवार

घरोघर जाऊन शिकवावं असं ठरवलं. पहिल्याच घरी एका आईनं दारातूनच सांगितलं, "बाई, तुमी परवा बारामतीला गेल्ता. आंघोळ करून या." आंघोळ करून गेले, तर दार बंद.

झुंबरविषयी लिहून ठेवते, म्हणजे मला स्वतःलाच धीर येईल. गेल्या डिसेंबरात ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायची. एकदा मी वर्गात भागाकार विचारला, कुणाला येईना, आणि खिडकीतून उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला आत घेतलं. वाचताना ती श्वास घ्यायला विसरते. वाक्य संपलं की पाण्यातून वर आल्यासारखी दम टाकते. एप्रिलमध्ये टोळी परत निघाली तेव्हा ती बैलगाडीत भांड्यांवर बसली होती. मी धावत जाऊन म्हटलं, "दिवाळीनंतर ये. फॉर्मवर पहिलं नाव तुझं." ती म्हणाली, "लिहून द्या." मी तिच्या पाटीवर लिहून दिलं. पाटीवरचं किती दिवस टिकणार, पण तिनं ती पाटी परकराच्या ओच्यात गुंडाळून घेतली.

या शाळेतून स्कॉलरशिपला आजवर कुणी लागलेलं नाही. लागली तर ती लागेल.

८ ऑक्टोबर, शनिवार

आदेश आला. शाळा उघडायला हरकत नाही. मात्र 'स्थानिक परिस्थिती पाहून शाळा समितीने व्यवस्था ठरवावी.' सोमवारी बैठक. गुरुजी म्हणाले, "तुम्ही मांडा बाई. तुम्ही बी.ए. झालेल्या. मी आपला जुना सातवी फायनल."

गुरुजी फार मान देतात. शाळेत रुजू झाले त्या दिवसापासून मला माठापर्यंत उठूसुद्धा देत नाहीत. "तुम्ही बसा, पोरी देतील पाणी." माझा पेलाही वेगळा ठेवलाय, काठाला खिळ्यानं खूण केलेला. लोणी भापकरच्या बौद्धवाड्यातली, घरातली पहिली शिकलेली मुलगी, तिला एवढा मान! वडिलांना, तात्यांना, पत्रात कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं नाही, पण त्यांना पत्र लिहिणं जड जातं.

१० ऑक्टोबर, सोमवार

बैठक मारुतीच्या पारावर झाली. पार भरलेला होता, म्हणून मी खाली शाळेच्या खुर्चीत बसले.

समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब. पन्नास एकर ऊस, आणि बोलणं गुळासारखं. त्यांनी सुरुवातच केली, "शाळा उगडू. आपल्या पोरांचं नुकसान नको. पण टोळीची पोरं औंदा न्हाईत. बीडाकडंच तर पयला उंदीर पडला."

मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग टोळीच नगं म्हना की आप्पासाहेब. ऊस तुमी तोडा."

सगळे हसले. आप्पासाहेबही हसले. "म्हातारबा, ऊस शेतात ऱ्हातो. पोरं वर्गात बसत्यात. फरक हाय."

मी उभी राहिले. म्हटलं, शिक्षण सगळ्यांचा हक्क आहे, रोग जात-गाव बघत नाही. एक बाई एवढंच म्हणाली, "तुमास्नी लेकरू न्हाय, बाई."

तेव्हा मला सुचलं. वाद घालून काही मिळणार नाही, व्यवस्था सांगावी. मी म्हटलं, "टोळीची मुलं पहिले एकवीस दिवस वर्गाबाहेर, लिंबाखाली बसतील. मी तिथं जाऊन शिकवीन. एकवीस दिवसांत कुणी आजारी पडलं नाही तर आत."

पारावर कुजबुज झाली. "आन पानी?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "त्यांचा माठ वेगळा." "हजेरी?" "त्यांची वही वेगळी." "मागनं आनखी नवी मानसं आली तर?" मी क्षणभर विचार केला. शास्त्रशुद्ध हवं. म्हटलं, "टोळीच्या झोपड्यांवर, कोप्यांवर, नवं कुटुंब आलं तर एकवीस दिवस त्या दिवसापासून पुन्हा मोजायचे."

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बाई, आमी अडाणी. आमी सरळ न्हाई म्हनत हुतो. तुमी कसं नीट बसवून दिलंत! ह्ये लिहून काडा. चांगल्या अक्षरात."

आठ नियम लिहिले. बोरूनं, कार्डशीटवर. शाळेच्या भिंतीला लागले. या गावानं माझं पहिल्यांदा ऐकलं.

अनिसाला वाचून दाखवले. ती डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, "एकवीस कुठून आणलेस? सहा-सात दिवसांत काय ते कळतं."

"सात म्हटलं असतं तर गावानं ऐकलं नसतं. एकवीस म्हटलं की वजन पडतं."

"असं होय. मग मोदकच मोजायचे होतेस." थोड्या वेळानं म्हणाली, "करुणा, बीडलासुद्धा आता काही नाही गं. मी कागद बघितलेत."

पण लोकांच्या भीतीचं काय? भीतीला पायऱ्या लागतात. हे तिला कळत नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार. लोणी भापकर

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी घरी आले. विहारात वंदना झाली. आईनं पुरण घातलं. तात्या नवा सदरा घालून बसले होते. पस्तीस वर्षं रस्त्यावर मैलकुली म्हणून डांबर ओतलं, तरी सदऱ्याची घडी मोडू देत नाहीत.

मी त्यांना बैठकीची सगळी हकीगत सांगितली, नियमही वाचून दाखवले. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एकवीसच दिस ना?"

"हो तात्या. एकवीसच."

"आन झालं म्हून कोन सांगनार?"

"मीच सांगणार."

ते उठले आणि शेळीला पाला टाकायला गेले. आई म्हणाली, "तुला गूळ-शेंगदानं बांधून देऊ का?" दोघांपैकी कुणी शाब्बास म्हणालं नाही. तात्या दुसरीपर्यंतच शिकलेत. पुढं शाळा का सुटली ते कधी बोलले नाहीत. वैद्यकीय गोष्टी त्यांना कशा कळणार.

१७ ऑक्टोबर, सोमवार

शाळा उघडली! पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या. वर्गाला देव्हाऱ्याचा वास.

आप्पासाहेबांची लेक सुरतेला दिलेली. ती साथीला घाबरून दोन मुलं घेऊन माहेरी आलीय. मुलं आज वर्गात येऊन बसली. गुरुजींनी त्यांच्याकडून गुजराती गाणं म्हणवून घेतलं. मुलं गोड आहेत. मी नियम पुन्हा पाहिले. त्यात 'ऊसतोड टोळीतील मुले' असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा या मुलांना ते लागू होत नाहीत.

१४ नोव्हेंबर, सोमवार

बुडालेले दिवस भरून काढायचे म्हणून दिवाळीची सुट्टी आठच दिवसांची झाली. आणि आज झुंबर आली!

टोळी परवाच पोचली. कालव्याकडेच्या पडीक रानात पाचटाच्या बारा कोप्या उभ्या राहिल्यात. सकाळी अकरा मुलांची रांग फाटकातून आत आली. पुढं झुंबर, कडेवर भाऊ, काखेत पाटी. सात महिन्यांत बोटभर उंच झालीय. सरळ वर्गाच्या दारातून आत शिरायला लागली. मी आडवी आले.

"झुंबर, थांब. तुम्ही सध्या झाडाखाली."

"काहून?"

मी समजावलं. रोग, काळजी, सगळ्यांचं भलं. ती भिंतीवरचे नियम वाचत होती. श्वास न घेता आठही वाचले, मग दम टाकला. "अक्षर तुमचं हाय, बाई."

"हो."

"मंग कव्हा आत?"

"एकवीस दिवसांनी. पाच डिसेंबरला."

तिनं चिंचोके जमवले. एकवीस मोजून लिंबाच्या बुंध्याशी पुरचुंडीत ठेवले. रोज एक काढून टाकणार म्हणे. पाण्यासाठी मी स्वतः भवानीनगरच्या बाजारातून माठ आणलाय, काळा, तळाशी नीट बसणारा. पेल्याला तोंड लावायचं नाही, वरून प्यायचं, हे मुलांना शिकवलं. पटकन शिकली.

२१ नोव्हेंबर, सोमवार

झाडाखालचे दिवस छान चाललेत. मी अर्धा वेळ आत, अर्धा वेळ बाहेर. झुंबरला स्कॉलरशिपच्या गणिताचं पुस्तक दिलंय. ती भावाला पायावर झोपवून सोडवते. सगळे जण निरोगी आहेत. अनिसा बुधवारी येऊन तपासून जाते. चौदा चिंचोके उरले.

एक अडचण आली. फॉर्मवर हजेरीपटाचा नंबर लागतो. झुंबरचं नाव वेगळ्या वहीत आहे, तिला नंबर नाही. गुरुजींना म्हटलं, आत्ताच पटावर घेऊ. ते म्हणाले, "तुमचाच पाचवा नियम बाई. घाई काय आहे? फॉर्म दहा डिसेंबरपर्यंत. पाचला ती आत आली की नंबर पडेल." बरोबर आहे.

२८ नोव्हेंबर, सोमवार

आज कोप्यांवर आणखी तीन गाड्या आल्या. मागे राहिलेली माणसं. त्यात एक म्हातारी, दोन तान्ही.

दुपारी गुरुजी भिंतीपाशी उभे राहून माझे नियम वाचत होते. सातव्यावर बोट ठेवलं. "बाई, पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे एकोणीस डिसेंबर.

झुंबरच्या पुरचुंडीत सात चिंचोके उरले होते. मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. उठली, रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली गेली आणि चौदा वेचून आणले.

१ डिसेंबर, गुरुवार

आप्पासाहेबांकडे गेले. ते ओसरीवर पान लावत होते. मी म्हटलं, "आप्पासाहेब, साथ संपलीय. सरकारनंच सांगितलंय. नर्सबाईंनी मुलं निरोगी असल्याचं लिहून दिलंय. दहा तारखेच्या आत एकटीला, फक्त एकटीला, पटावर घेऊ द्या."

त्यांनी अनिसाचा कागद वाचला, नीट घडी करून परत दिला. "बाई, मला काय आडचन न्हाय. पन गाव म्हनंल, बाईंनीच नियम केला आन बाईंनीच मोडला. तुमच्या शब्दाला किंमत ऱ्हाईल का? मी तुमच्या भल्यासाटी सांगतो."

"मग बैठक घ्या."

"घेऊ की. तोडी उरकू द्या."

तोडी मार्चअखेर उरकतात.

बाहेर अंगणात त्यांची सुरतेची नातवंडं सुरपाट्या खेळत होती. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं.

७ डिसेंबर, बुधवार

आज तात्या आले. न कळवता. बाजरीचं पीठ आणि ठेचा घेऊन. "पोरीची शाळा बगावी म्हनलं," एवढंच. स्टँडपासून उन्हात चालत आलेले, सदऱ्याला घाम. गुरुजी पुढं झाले, "या, या, बसा" म्हणाले, आणि एका मुलीला माझा खुणेचा पेला भरून आणायला सांगितलं.

तात्यांनी पेल्याकडं पाहिलं. काठावरच्या खुणेवरून अंगठा फिरवला. पेला तसाच खिडकीत ठेवला. मग व्हरांड्यातला मोठा माठ पाहिला, लिंबाखालचा काळा पाहिला, आणि चालत लिंबाकडं गेले.

झुंबर उठली. "बाबा, पानी पाहिजे का? ओंजळ करा. मी वरून वाढते."

तात्या खाली वाकले. ओंजळ करायला त्यांना वेळ लागला नाही. कोपरं गुडघ्यांना टेकलेली, हात हनुवटीशी, एक थेंब सांडला नाही. घरी तात्या तांब्यानं पितात. माझ्या आठवणीत मी त्यांना असं पिताना कधी पाहिलेलं नाही. आणि झुंबर वरून धार धरून उभी होती, दहा वर्षांची, तिचाही थेंब सांडत नव्हता. हे तिला मी शिकवलं. त्यांना कुणी शिकवलं असेल?

तात्या तोंड पुसून म्हणाले, "माठ चांगला घेतलास, करुणा. गार ऱ्हातंय पानी."

मी त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "आमचं जांभळीचं झाड हुतं. गुर्जी चांगले हुते. म्हनायचे, थोड्या दिसांचं हाय."

आणि गाडीत चढले.

८ डिसेंबर, गुरुवार

प्रार्थनेनंतर मी लिंबाखाली गेले. झुंबरचा हात धरला. "चल." ती म्हणाली, "अकरा ऱ्हायलेत बाई." मी म्हटलं, "राहू देत."

वर्गात पुढच्या ओळीत बसवलं. पटावर शाईनं तिचं नाव लिहिलं. नंबर अठ्ठावीस. तिनं ते लिहिताना पाहिलं. मग ती म्हणाली, तहान लागली. मी व्हरांड्यात गेले, मोठ्या माठाचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि तिला पेला भरून दिला. ती वरून प्यायला लागली. मी म्हटलं, "तोंड लाव." तिनं लावलं.

मागं सगळा वर्ग दारात येऊन उभा राहिला होता.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी माठ कलता केला, पाणी झाडांच्या आळ्यात सोडलं आणि माठ फोडला. फुटका, चिरलेला नव्हता, चांगला होता. पोरी बघत उभ्या होत्या.

मी म्हटलं, "गुरुजी, नर्सबाईंनी लिहून दिलंय. झुंबरला काही झालेलं नाही."

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. खालच्या आवाजात म्हणाले, "झुंबरचं एक वेळ खपलं असतं हो. टोळीतलं लेकरू. पण माठात हात तुम्ही घातलात." मग लगेच, "मला काही नाही बाई. मी मानत नाही. गावाचं आहे."

दीड वर्ष. 'तुम्ही बसा, पोरी देतील पाणी.' तो पेला. पारावर बसायला जागा नव्हती म्हणून मी खुर्चीत बसले, असं इथंच मागं लिहिलंय. ते पान मी आता वाचलं. त्या दिवशी पारावर जागा होती.

९ डिसेंबर, शुक्रवार

गावातली चाळीसपैकी सहा मुलं आली. आप्पासाहेब मोटारसायकलवरून आले. आवाज चढवला नाही. "झुंबर बाळ, तू झाडाखाली जा," असं त्यांनीच म्हटलं, डोक्यावरून हात फिरवून. ती उठली, भावाला उचललं, पाटी घेतली. दारात थांबून माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं.

पटावरच्या अठ्ठाविसाव्या नावावर गुरुजींनी तांबडी रेघ मारली. समितीनं तिथल्या तिथं ठरवलं: एकवीस दिवसांनी घोळ होतो, मुदत नकोच. भिंतीवरच्या तिसऱ्या नियमात 'एकवीस दिवस' खोडून वर गुरुजींनी लिहिलं, 'पुढील आदेश होईपर्यंत.'

१० डिसेंबर, शनिवार. इंदापूर

सहीशिवायचा फॉर्म घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. कारकून सज्जन होता. त्यानं फॉर्म दोनदा वाचला. "मुलीचं वय, इयत्ता, सगळं बरोबर आहे. पण बाई, मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय हा फॉर्म नसतो, नुसता कागद असतो. पुढच्या वर्षी भरा."

"चौथी एकदाच असते."

"हो, तेही खरंच," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

दोन तास स्टँडवर बसून होते. एकही गाडी भरलेली नव्हती, तरी चढले नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

लिंबाखाली आज कुणी नाही. काल दोघं होते.

संध्याकाळी कोप्यांवर गेले. बानूबाई, झुंबरची आई, चुलीपुढं होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाई, तुमचा राग न्हाई. पर भर वर्गातून उठवलं लेकीला. झाडाखाली होती ते बरं होतं. उठवलं तर नव्हतं कुणी."

झुंबर फडात होती. आई-बाप ऊस तोडतात आणि ती वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधते. बानूबाई म्हणाली, हात चांगला बसलाय तिचा.

२८ डिसेंबर, बुधवार

तालुक्याचे एक साहेब शाळा तपासायला आले. मला वाटलं, आता हे विचारतील. भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. "हे कुणी केलं?"

गुरुजी म्हणाले, "आमच्या बाईंनी."

साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "रोगाचा बंदोबस्त, आणि कुणाचं शिक्षणही बंद नाही. शिवाय गावाची तक्रार नाही. वा! अक्षरही वळणदार." त्यांनी नियम पातळ कागदावर जसेच्या तसे गिरवून घ्यायला सांगितले.

मी म्हणाले, "साहेब, हे काढून टाकायला हवेत. साथ संपलीय."

"अहो, साथ पुन्हा येते. व्यवस्था असावी." आणि वहीत काहीतरी लिहिलं. गुरुजींनी त्यांना नव्या माठातलं पाणी दिलं. मला कुणी दिलं नाही, मी मागितलंही नाही. आता घरून बाटली नेते.

रात्री अनिसाला सांगितलं. ती हसली नाही. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तेल लावलं. म्हणाली, "बदली माग." मी म्हटलं, जिथं जाईन तिथं माठ असेल. ती म्हणाली, "तो तर असतोच गं."

९ जानेवारी १९९५, सोमवार

आज टपालात परिपत्रक आलं. 'स्थलांतरित कामगारांच्या पाल्यांसाठी शाळांतील व्यवस्था: नमुना.' सायक्लोस्टाइल केलेलं. टाईप केलेलं नाही. माझ्याच अक्षरावरून स्टेन्सिल गिरवलंय. माझा 'झ', माझा 'ळ', सगळं तसंच. आठ नियम. ऊसतोड जिथं जिथं आहे तिथल्या सगळ्या शाळांना पाठवल्याचं खाली लिहिलंय. गुरुजींनी अभिनंदन केलं. पेढे मागितले.

शाळा सुटल्यावर मी परिपत्रक हातात घेऊनच कोप्यांवर गेले. काय करणार होते ते ठाऊक नव्हतं. निदान झाडाखाली तरी ये, एवढं तिला सांगायचं होतं. वाटेत मला माझीच लाज वाटली. मी त्या झाडासाठी विनवायला निघाले होते.

झुंबर नुकतीच फडातून आली होती. हात पात्यांनी चिरलेले. मला बघून पदर सावरला. आता ती पदर घेते.

"झाडाखाली ये," मी म्हणाले. "परीक्षा नाही, पण वाचायला तरी ये."

ती माझ्या हातातल्या कागदाकडं बघत होती. महिनाभर तिनं छापलेलं काही वाचलेलं नसणार. हात पुढं केला. मी नको म्हणायला हवं होतं. पण तिनं मागितलेली एवढी एकच गोष्ट मला देता येण्यासारखी होती.

तिनं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, श्वास न घेता. एकही अक्षर चुकलं नाही. जोडाक्षरंसुद्धा नाही. बानूबाई भाकरी थापायची थांबून लेकीकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हणाली, "कसं घडाघडा वाचतीय, बघा!"

तिसऱ्या नियमाच्या शेवटी झुंबर थांबली. दम टाकला. मग कमरेची पुरचुंडी सोडली. अकरा चिंचोके अजून तिच्यात होते.

"बाई," तिनं विचारलं, "पुढील आदेश होईपर्यंत, म्हंजी किती?"